बठ्ठं सेट शे

'सेट' हा शब्द माझ्या घरात कुणी आणला ते मला चांगलं ठाऊक आहे. ललितनं आणला. धुळ्यात, देवपुरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे, आणि ललित माझा सगळ्यात जुना मेंबर. प्राध्यापक व्हायला जी परीक्षा द्यावी लागते तिचं नावच सेट. तो ती दर वर्षी देतो, दर वर्षी आपटतो, आणि जेवायला बसताना म्हणतो, "मावशी, यंदा सेट आपली सेट आहे बघा!" म्हटलं, बाबा रे, आधी भाकरी खा.

पण एकदा शब्द घुसला की उंदरासारखा घरभर फिरतो. दही लागलं का, असं कुणी विचारेना. "मावशी, दही सेट झालं का?" पोट बिघडलं तर "आज पोट सेट नाही." नवीन खोली मिळाली, सेट झालो. केस सेट, मूड सेट, बाइकचं हँडल सेट. समोरच्या होस्टेलातल्या पोरीकडं बघून एखादा हसला की "त्याची सेटिंग आहे." ऑफिसात एखाद्याचं काम पैसे चारून झालं तरी सेटिंगच. आमच्या गल्लीतल्या आबांच्या तोंडातल्या कवळीलाही सेट म्हणतात. मी सुरुवातीला जाम चिडायचे. "अरे मेल्यांनो, तुमच्या आईनं तुम्हाला एकच शब्द शिकवला का?" म्हणून पळी उगारायचे. पोरं हसायची आणि म्हणायची, "मावशी, चिल. सगळं सेट आहे."

मग मलाच त्याची चटक लागली. खोटं कशाला बोलू? फार सोयीचा शब्द आहे तो. मावशी, तब्येत कशी? सेट. धंदा कसा? सेट. पुढं कुणी काही विचारत नाही. विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.

मला लग्नं जमवायची खोड आहे. माझं स्वतःचं फार टिकलं नाही, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, तर म्हटलं लोकांची तरी जमवू. पूर्वी मुलीकडच्यांना सतरा गोष्टी लागायच्या. पोरगा करतो काय, पितो का, घर स्वतःचं की भाड्याचं, आईचा स्वभाव कसा. आता मुलीचा बाप फोन करतो आणि एकच विचारतो, "मुलगा सेट आहे ना?" मी म्हणते, "एकदम सेट." बोलणं संपलं, पुढच्या रविवारी पोहे. ह्या एका शब्दावर मी किती संसार उभे केले आणि त्यातला एकही मोडला नाही, असं मी छाती ठोकून सांगायचे. आता सांगत नाही.

प्रशील माझ्या भावाचा मुलगा. भाऊ पितांबर आणि वहिनी दोघंही गेलेले, म्हणून तो माझ्याकडंच मोठा झाला. आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. प्रशील 'फुई' म्हणतो तेव्हा मला माझ्या भावाचाच आवाज ऐकू येतो. पोरगा डिप्लोमा करून नरडाण्याच्या एका कारखान्यात लागला होता, मशीनवर. कमी बोलणारा, पण बोलला तर सरळ. मला कधीकधी त्याच्या सरळपणाचा रागच यायचा. एकदा मी एका पाहुण्याला "भाजी ताजी आहे" म्हणाले, तर हा आतून ओरडला, "फुई, सकाळची आहे ती!"

त्याच्यासाठी मी मृणाली बघितली. मृणाली म्हणजे पार्वताची मुलगी. पार्वता आणि मी एकाच गावच्या, नरडाण्याजवळच्या. एकाच विहिरीवर भांडत मोठ्या झालो. लग्न होऊन ती असोद्याला गेली, पण इतक्या वर्षांत तिची बोली काही बदलली नाही. अजून अहिराणीतच बोलते, आणि फोनवर तर असं ओरडून बोलते की फोन नसता तरी धुळ्यापर्यंत ऐकू आलं असतं. मृणाली जळगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. डोळ्याला डोळा देऊन बोलणारी मुलगी. हिवाळ्यात आम्ही असोद्याला गेलो, भरीत-भाकरी खाल्ली, दोघांना अंगणात थोडा वेळ बोलू दिलं. परतताना बसमध्ये प्रशील खिडकीतून बाहेर बघत होता. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "चांगली आहे." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

सोयरीक ठरली, पण पार्वताची एक अट होती. साखरपुडा होईपर्यंत पोरापोरीनं एकमेकांना फोन करायचा नाही, नंबरसुद्धा द्यायचा नाही. तिच्या पुतणीचं जमलेलं लग्न फोनवरच्या रुसव्याफुगव्यात मोडलं होतं, तेव्हापासून तिनं हे धरून ठेवलेलं. "जे बोलनं शे ते तुना तोंडे," असं तिनं मला बजावलं. म्हणजे जे बोलायचं ते मध्यस्थाच्या तोंडून. मला काय, बरंच वाटलं. माझ्याशिवाय पान हलणार नाही, हे कुणाला आवडत नाही?

होळीच्या सुमारास प्रशीलच्या कारखान्यात ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली आणि जुन्यांना घरी बसवलं. प्रशील त्या दिवशी दुपारीच परत आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी बट्ट्या तळत होते.

"फुई, काम गेलं."

मी झारा खाली ठेवला. तो पाणी प्यायला आणि पाटावर बसला. काही वेळानं म्हणाला, "असोद्याला फोन कर. त्यांना सांग."

"अरे, महिन्या-दोन महिन्यांत दुसरीकडं लागशील. कशाला उगाच..."

"लागेन किंवा नाही लागणार. पण आत्ता नाही ना? ते सांग. नको म्हणाल्या तर नको. आणि फुई," त्यानं माझ्याकडं रोखून बघितलं, "स्पष्ट सांग. सेटबिट म्हणू नको. काम गेलं, असं म्हण."

"हो रे बाबा, तसंच म्हणते," मी म्हणाले. आणि खरंच म्हणणार होते. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी फोन लावला. काय बोलायचं ते पायऱ्या चढताना पाठ केलं होतं. पण पार्वतानं मला तोंड उघडू दिलं तर ना! तिनं साखरपुड्याचा मांडव कुठं, स्वयंपाक कोण करणार, जळगावहून कोण कोण येणार, सगळं एका दमात सांगितलं. मृणालीनं साडीचा रंग ठरवला म्हणे. पोर हल्ली घरात गुणगुणत असते म्हणे. मी "पार्वते, ऐक" म्हणायला श्वास घेतला आणि तेवढ्यात तिनं विचारलं, "सुनंदे, तुनाकडे बठ्ठं सेट शे ना?" म्हणजे, तुझ्याकडं सगळं सेट आहे ना?

आणि मी म्हणाले, "हा. बठ्ठं सेट शे."

जीभ आपोआप वळली असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तसं नव्हतं. मी भ्याले. ही सोयरीक हातची जाईल, पार्वता मला बोल लावील, माझं नाव जाईल, ह्याला भ्याले. आणि मनात म्हटलं, मिळेल पोराला काम, मग कुणाला काय कळतंय?

खाली आले तर प्रशील जिन्याच्या तोंडाशीच उभा. "सांगितलं?"

"सांगितलं."

"मृणालीला पण?"

"हो ना. ती तिथंच होती."

"काय म्हणाली?"

आता खोटं एकदा सुरू केलं की अर्ध्यावर थांबता येत नाही. मी म्हणाले, "ती म्हणाली, असू दे. माणूस चांगला आहे ना, काम काय, मिळेल."

प्रशील वळून मोरीत गेला आणि तोंडावर सपासप पाणी मारत राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

त्या दिवसापासून पोरगा बदलला. मला वाटलं होतं, घरी बसून कुढेल. तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठला आणि खानावळीचे डबे बाइकला बांधून निघाला. डिप्लोमा झालेला पोरगा गल्लीगल्लीत डबे पोचवतो म्हणून मलाच लाज वाटली. मी म्हणाले, "अरे, कुणी बघितलं तर?" तो हसला. "बघू दे की! ज्यांना कळायला हवं त्यांना माहीत आहे." दुपारी अर्ज करायचा, संध्याकाळी पुन्हा डबे. पोळ्या लाटायलाही बसायचा. वाकड्यातिकड्या व्हायच्या, पोरं चिडवायची. एकदा कणीक मळता मळता म्हणाला, "फुई, एवढ्या लोकांनी मला काय काय विचारलं आजवर. पण काम गेल्यावर 'असू दे' म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं गं. मी तिला जन्मभर काही कमी पडू देणार नाही."

माझ्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं. पण त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की माझा धीर झाला नाही. तो ज्या वाक्यावर जीव टाकत होता ते वाक्य माझं होतं. ती पोर तसं काही बोललीच नव्हती.

मग मला जेवण जाईना. खानावळवाली बाई आणि अन्न गोड लागत नाही, कुणाला सांगणार? ललित म्हणाला, "मावशी, तुमचं काहीतरी सेट दिसत नाही." मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. त्याची काय चूक? पण तो शब्द आता मला ऐकवेना.

साखरपुडा रविवारी असोद्याला ठरला. गुरुवारी सकाळी मी बघते तर प्रशील आरशासमोर उभा राहून पुटपुटतोय.

"काय रे, वेड लागलं का?"

तो लाजला. "फुई, रविवारी मी दोन शब्द बोलणार आहे. सगळ्यांसमोर. फार नाही. म्हणणार, माझं काम गेलंय हे माहीत असूनही ह्या मुलीनं मला हो म्हटलं, त्याबद्दल तिचे आणि तिच्या आईचे आभार मानतो. बरोबर आहे ना?"

भर मांडवात, अख्ख्या असोद्यासमोर हे पोर हात जोडून हे बोलणार, आणि तिकडं पार्वता आणि मृणाली एकमेकींच्या तोंडाकडं बघणार. त्याच्या अब्रूचं काय होईल? त्या पोरीचं काय? मी म्हणाले, "बरोबर आहे." आत गेले, पिशवीत लुगडं कोंबलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "मी असोद्याला जाऊन येते. खरेदीचं बघायचंय."

"सकाळचे डबे?"

"सकाळचे तू बघ."

बसमध्ये पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी एकच वाक्य मनात घोळवत होते. त्याचं काम गेलंय. त्याचं काम गेलंय. तीन शब्द तर आहेत, सुनंदे. जळगावला उतरून रिक्षानं असोद्याला पोचले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. पार्वता अंगणात पापड वाळत घालत होती. मला बघून ओरडलीच, "अवं बाई! तू एकलीच उनी? जयभीम, जयभीम! चाल, घरमा चाल."

मृणालीची सुट्टी होती. तिनं पाणी आणलं, पाया पडली. माझ्या पायाला तिचा हात लागला तेव्हा मला पाय ओढून घ्यावासा वाटला. पार्वता लगेच खोकी उघडायला बसली. "हाई देख, कानमाना आनि गळामाना सेट. हाई देख, काचना डिनर सेट. पोरनी सोता पसंत कया." तिनं एक एक कप कागदातून काढून माझ्या हातात दिला. मी एकेक कप न बघताच परत खोक्यात ठेवत होते. मृणालीनं ते बघितलं.

"मावशी, बरं नाही का तुम्हाला?"

"पार्वते," मी म्हणाले, "ते सगळं ठेव खाली. प्रशीलचं काम गेलंय. होळीलाच गेलं. तो आता माझे डबे पोचवतो."

पार्वताच्या हातात बशी होती. ती तिनं हळूच खोक्यात ठेवली. मला वाटलं, आपटेल. तिनं आपटली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"होळीले?" ती म्हणाली. "आनि तू माले काय सांगं? बठ्ठं सेट शे?"

"हो."

"काबर, सुनंदे? काबर?" मग मात्र तिचा आवाज चढला. "पोऱ्यानं काम गयं ते गयं, कोनं जात नही? पन तू? मी तुनावर इस्वास ठेवा. पोरले फोन करू दिना नही, तुना तोंडवर बठ्ठं सोडं. आते लोकेस्ले काय सांगू मी?" पोराचं काम गेलं, ते कुणाचं जात नाही, पण तू असं का केलंस, एवढंच ती फिरून फिरून विचारत होती. मला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

मृणालीनं आईच्या हातावर हात ठेवला आणि मला विचारलं, "मावशी, त्यांनी लपवायला सांगितलं?"

"नाही गं! देवा शप्पथ नाही. त्यानं त्याच दिवशी सांगितलं, स्पष्ट सांग म्हणून. मीच सांगितलं नाही. आणि त्याला उलट सांगितलं की तुला माहीत आहे. तू 'असू दे' म्हणालीस, 'माणूस चांगला आहे, काम मिळेल' म्हणालीस. तो तेवढ्यावर जगतोय, पोरी. रविवारी सगळ्यांसमोर तो तुझे आभार मानणार आहे."

हे बोलताना मला रडू फुटलं. कुणी समजूत काढली नाही, आणि काढायला नकोच होती. मृणाली त्या खोक्यातल्या कपांकडं बघत होती.

"तुम्ही मला विचारलं असतं, तर मी कदाचित तसंच म्हणाले असते," ती म्हणाली. "खरंच. अंगणात बोलले होते मी त्यांच्याशी, मला आवडले होते. पण आता मला कसं कळणार? आता हो म्हटलं तर भिडेनं म्हटलं असं होईल, आणि नाही म्हटलं तर त्यांना वाटेल मी आधी फसवलं. तुम्ही माझं उत्तरच देऊन टाकलंत, मावशी. मला विचारलं नाहीत."

मी म्हणाले, "चुकलं माझं. माफ कर." असे शब्द किती हलके असतात ते मला त्या वेळी कळलं.

"त्यांचा नंबर द्या," मृणाली म्हणाली. पार्वतानं या वेळी अडवलं नाही. मी नंबर सांगितला. तिनं तिथंच, आमच्यासमोर लावला.

"हॅलो, मी मृणाली."

प्रशील बोलायला लागला, आणि असा बोलायला लागला की मी त्याला आयुष्यात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. फोनमधून सगळं ऐकू येत होतं. तिनं फोन केला ते किती बरं केलं, त्याला रविवारीच सांगायचं होतं, पण आता सांगूनच टाकतो, तिच्या त्या एका शब्दानं तो कसा उभा राहिला. मृणालीनं डोळे मिटून घेतले होते.

"ऐका ना," ती मध्येच म्हणाली, अगदी हळू. "मला आत्ता कळलं. आज. मावशी आल्यात, त्यांनी सांगितलं. मी ते बोलले नव्हते."

बाइक सुरू असावी, ती बंद केल्याचा आवाज आला.

"अच्छा," प्रशील म्हणाला.

"रविवारी साखरपुडा नको. पण तुम्ही या. एकटे या. तुम्हीच सांगा, आणि मलाच विचारा. मग मी काय ते सांगते. येणार का?"

तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि पापड उचलायला अंगणात गेली. पार्वता मला "जेवीसन जाय" म्हणाली, रीत म्हणून. मी नको म्हणाले. ती दारापर्यंत आली नाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. प्रशील ओट्याशी डबे भरत होता. वरण, भात, शेवभाजी, पोळ्या. त्यानं एकट्यानं सगळं केलं होतं. मी चप्पल काढून दारातच उभी राहिले. वाटलं, ओरडेल. ओरडायला हवं होतं त्यानं. मी तेच मनाशी धरून आले होते, की ऐकून घेईन, एक शब्द उलट बोलणार नाही.

"पाणी पी," तो म्हणाला. "ऊन होतं."

मी प्यायले. तो झाकणं लावत होता, कड्या दाबून बघत होता. म्हणाला, "रविवारी जाईन मी. तू येऊ नको, फुई."

"नाही येत."

सगळे डबे पिशव्यांत घातल्यावर तो थांबला. पाठमोराच होता. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारायचं म्हणून विचारल्यासारखा होता.

"मग इतके दिवस ती हो कुणाला म्हणत होती?"

माझ्या तोंडावर नेहमीचं काहीबाही आलं. होईल रे सगळं, जमेल, काळजी करू नको. ते सगळं मी गिळलं.

"कामावर असलेल्या प्रशीलला," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि डबे पोचवायला निघून गेला.